पाठीमागची टाकी

मोटारीबद्दल बोलणारी माणसं इंजिनाबद्दल बोलतात, रंगाबद्दल बोलतात, ती किती पळते आणि किती पिते याबद्दल तर तावातावानं बोलतात. पेट्रोलच्या टाकीबद्दल मात्र सहसा कोणी बोलत नाही. टाकी आठवते ती रिकामी झाल्यावर. बँकेत असताना तिजोरीकडं बघण्याची आम्हा लोकांची तऱ्हा अशीच होती. ती आहे, भक्कम आहे, आणि तिच्या किल्ल्या दोघा अधिकाऱ्यांकडं आहेत, एवढं ठाऊक असलं की पुरे. ती इमारतीच्या नेमक्या कोणत्या भिंतीला टेकून आहे, हा विचार कोणी करत नसे.

पण टाकी गाडीत कुठं ठेवायची, हा प्रश्न मोटारीच्या जन्मापासून तिच्या मानगुटीवर बसलेला आहे. फोर्डची मॉडेल टी ही गाडी १९०८ ते १९२७ या काळात निघत होती. तिच्यात पेट्रोल ओढणारा पंप नव्हता. टाकी पुढच्या सीटखाली असे आणि पेट्रोल आपल्या वजनानं कार्बोरेटरकडं उतरत असे. साहजिकच चढ उभा असला आणि टाकीत पेट्रोल कमी असलं, की इंजिन उपाशी राही. मग लोक गाडी वळवत आणि उलट्या गिअरमध्ये, पाठ डोंगराकडं करून, चढ चढत. त्यानंतरच्या मॉडेल ए गाडीत टाकी पुढच्या काचेखाली, डॅशबोर्डाच्या पलीकडंच आली. म्हणजे चालकाच्या गुडघ्यांसमोर पेट्रोल. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपची टाकी तर चालकाच्या सीटखाली होती. पेट्रोल भरायचं म्हटलं की त्यानं उठायचं, गादी उचलायची आणि मग झाकण उघडायचं.

आपल्याला फार लांब जायला नको. ज्यांनी बजाजची स्कूटर वापरली आहे, त्यांना सीटखालची टाकी ठाऊक आहे. कॉक रिझर्व्हला फिरवूनही स्कूटर सुरू होईना, की ती एका अंगावर आडवी करायची, क्षणभर तशीच धरायची, आणि मग किक मारायची. पुण्यातल्या दोन पिढ्यांनी हा विधी इतक्या निष्ठेनं केला आहे की त्यामागचं शास्त्र कोणी विचारलं नाही. ते शास्त्र मॉडेल टीचंच होतं. पेट्रोलला उतार हवा.

पिकअप गाड्यांची गोष्ट याहून मजेदार आहे, आणि थोडी भीतिदायकही. पिकअपला मागं हौदा असतो, पुढं केबिन असते. टाकी हौद्याखाली टांगली, तर खडीचे दगड, चिखल आणि ओढ्याचं पाणी तिच्यावर येणार. अमेरिकेतल्या जनरल मोटर्सनं शेवरलेट पिकअपची टाकी १९४९ सालापासून केबिनमध्येच घेतली. सीटच्या पाठीमागं, मागच्या काचेच्या खाली, उभी. तोंड बाहेर, दाराच्या कडीमागच्या पत्र्यात. व्यवहाराच्या दृष्टीनं ही रचना चोख होती. टाकी कोरडी राहते, दगड लागत नाहीत, नळी आखूड पडते, हौद्याखालची जागा मोकळी राहते. ही पद्धत त्या कंपनीत पुढं १९७२ च्या मॉडेलपर्यंत टिकली. दोष एवढाच, की चालक आणि त्याच्या शेजारी बसलेली माणसं साठ-सत्तर लिटर पेट्रोलला पाठ टेकून प्रवास करत. मध्ये होता तो सीटचा पत्रा, थोडा काथ्या आणि रेक्झिन.

हे सारं पुराण मी मांडतो आहे, ते बिबवेवाडीतल्या एका पिकअपमुळं.

जनरल मोटर्सनं १९२८ साली मुंबईत शिवडीला गाड्या जुळवण्याचा कारखाना घातला आणि १९५४ मध्ये तो बंद केला. भारतात गाडीचे भागही बनवा, नुसती जुळवाजुळव करू नका, असं धोरण सरकारनं घेतल्यावर या कंपनीनं आणि फोर्डनं आपला गाशा गुंडाळला. त्याच १९५४ साली टाटांचे मर्सिडीज-बेंझ ट्रक जमशेदपूरहून बाहेर पडू लागले आणि रस्त्यांचं राज्य बदललं. पण त्याआधीच्या पाव शतकात शेवरलेट हे नाव महाराष्ट्रात घरोघरी झालेलं होतं. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) ही एस.टी.ची पहिली गाडी धावली ती बेडफर्ड होती, परंतु एस.टी.च्या त्या सुरुवातीच्या ताफ्यात शेवरलेटही होत्या. खेड्यातला माणूस तेव्हा ‘शेवरलेट’ म्हणण्याऐवजी ‘शेवर्लेट’ किंवा ‘शेवरलेट गाडी’ म्हणे आणि त्यातला ‘गाडी’ हा शब्द आदरानं उच्चारी.

अशी एक १९५१ सालची अर्ध्या टनाची पिकअप आमच्या भागात, बिबवेवाडीत, एका पत्र्याच्या शेडखाली उभी आहे. तिचे मालक माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठे. सगळे त्यांना अण्णा म्हणतात, मीही म्हणतो. त्यांच्या वडिलांनी ही गाडी कोणाकडून तरी जुनी घेतली, तेव्हा अण्णा सहा-सात वर्षांचे होते. पुरंदरचा वाटाणा, अंजीर, सीताफळ, जे ज्या ऋतूत निघेल ते भरायचं, दिवे घाट उतरायचा आणि उजाडायच्या आत मंडई गाठायची. पुढं भाजीचा घाऊक बाजार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात आला, तसं हे कुटुंबही यार्डाच्या जवळ म्हणून बिबवेवाडीत आलं. तेव्हा इथं शेतं होती, विहिरी होत्या. आता अप्परच्या डेपोपासून गंगाधाम चौकापर्यंत इमारती आहेत, आणि त्या इमारतींच्या पार्किंगवरून भांडणं आहेत. अशा जागेत एका न चालणाऱ्या गाडीला दोन मोटारींची जागा देणं ही श्रीमंती नव्हे, तो हट्ट आहे. अण्णांनी तो चाळीस वर्षं चालवला.

१९७३ नंतर पेट्रोलचे भाव भडकले, तेव्हा अशा कितीतरी गाड्यांची पेट्रोल इंजिनं काढून डिझेल इंजिनं बसवली गेली. अण्णांच्या वडिलांनी ते केलं नाही. धंद्याला टेम्पो घेतला आणि शेवरलेट सणासुदीला ठेवली. म्हणूनच तिचं सहा सिलिंडरचं मूळ इंजिन शाबूत राहिलं. वडील गेल्यावर गाडी थांबली. दोन वर्षांपूर्वी अण्णांनी ठरवलं, की आपण असेपर्यंत ती एकदा चालली पाहिजे.

इंजिन सुटलं, ब्रेक झाले, वायरिंग झालं. सगळं सुरळीत चालू असताना गाडं अडलं ते टाकीपाशी. अण्णांची मुलगी नात घेऊन शेडमध्ये आली होती. मिस्त्रींनी सीट बाहेर काढलेली, त्यामुळं मागची टाकी उघडी पडलेली. ‘हे काय आहे?’ असं तिनं विचारलं, आणि उत्तर ऐकून म्हणाली, ‘आजोबांची गाडी आहे हे खरं, पण पाठीला पेट्रोल लावून मी हिला त्यात बसवणार नाही.’

अण्णा रागावले नाहीत. ते बराच वेळ गप्प राहिले. मग मला म्हणाले, ‘साहेब, आम्ही तिथंच झोपायचो. घाटात गार लागायचं, वडील मला सीटवर आडवा करायचे. तो वास आला की मला अजून वडील आठवतात.’

मला या प्रकरणात ओढण्याचं कारण माझी नोकरी. ऐंशीच्या दशकात मी ग्रामीण शाखांत होतो. टेम्पो, मॅटाडोर, ट्रॅक्टर अशा वाहनांना आम्ही कर्जं देत असू आणि तारण जागेवर आहे की नाही हे पाहायला जात असू. चेसिसच्या नंबरावर पातळ कागद ठेवायचा, पेन्सिल घासायची आणि उमटलेला छाप फाइलला लावायचा. या निमित्तानं गाड्यांच्या खाली वाकून बघायची जी सवय लागली, ती कादंबऱ्या लिहितानाही सुटली नाही. शिवाय कायद्याची कलमं वाचायची खोड. ‘काका, तुम्हीच सांगा बाबांना,’ असं मुलगी म्हणाली. अण्णा म्हणाले, ‘साहेब, तुम्हीच सांगा हिला.’ पुण्यात निवृत्त माणसाला याहून मोठा मान नाही.

तेव्हा प्रथम पेट्रोल समजून घेऊ. पेट्रोल जळतं असं आपण म्हणतो, पण जळते ती त्याची वाफ. ही वाफ उणे चाळीस अंशांच्या आसपासच्या थंडीतही पेटण्याजोगी सुटते. म्हणजे पुण्यातल्या कोणत्याही ऋतूत ती हजर असते. ती हवेपेक्षा तीन-चार पटींनी जड. त्यामुळं ती वर उडून जात नाही. खाली बसते, केबिनच्या तळाशी साचते, दाराच्या फटीतून जमिनीवर उतरते आणि दूरच्या ठिणगीपर्यंत जाते. हवेत तिचं प्रमाण साधारण दीड टक्क्यापासून साडेसात टक्क्यांपर्यंत असलं, की ती पेट घेते. त्याहून कमी असेल तर इंधन अपुरं, जास्त असेल तर हवा अपुरी. यातून एक विलक्षण गोष्ट निघते. काठोकाठ भरलेल्या टाकीपेक्षा नुकतीच रिकामी केलेली टाकी जास्त घातक. भरलेल्या टाकीत हवेला जागाच नसते. रिकामीत वाफ आणि हवा यांचं नेमकं मिश्रण तयार होऊन बसलेलं असतं.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. एका तालुक्याच्या गावी आमच्या एका कर्जदाराच्या गाडीची टाकी गळू लागली. ती काढून वेल्डिंगच्या दुकानात नेली. टाकी कोरडी ठणठणीत आहे, दोन दिवस उन्हात ठेवली होती, असं सांगून कारागिरानं तिला ज्योत लावली. मी पाहणीला गेलो तेव्हा टाकीचा पत्रा फुलासारखा उमललेला होता आणि कारागीर जिल्ह्याच्या रुग्णालयात होता. तो वाचला, पण पुन्हा त्या कामाला बसला नाही. गाडीचा विमा होता, त्याचे पैसे आले, कर्ज फिटलं. कारागिराच्या नावाची नोंद आमच्या कुठल्याच रजिस्टरात नव्हती, कारण तो आमचा कोणी नव्हता.

म्हणून टाकी हलवायची की नाही, याआधी टाकीला हात कसा लावायचा, हे ठरायला हवं. आमच्या मिस्त्रींना ते पक्कं ठाऊक होतं. त्यांनी आयुष्य नाना पेठेतल्या आणि भवानी पेठेतल्या गॅरेजांत काढलं आहे. पेट्रोल उघड्यावर, सावलीत काढलं. टाकी धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यानं पुन्हा पुन्हा खळबळून घेतली. मग आत वाफ सोडली. एवढं करूनही तिला आगीजवळ नेताना ती पाण्यानं भरायची, फक्त कामाच्या जागेपुरती मोकळी ठेवायची. आणि शक्य तिथं ज्योत लावायचीच नाही, तापवलेल्या खापानं डाख द्यायचा. ‘साहेब, टाकीला नाक असतं, तिला आग लांबून कळते,’ असं ते म्हणाले.

आता अण्णांच्या मुलीचा प्रश्न. टाकी पाठीमागून काढून कुठं ठेवायची? अमेरिकेत जुन्या शेवरलेट बाळगणारे हौशी लोक ती बहुधा हौद्याखाली नेतात. मागच्या आसाच्या पलीकडं, जिथं जादा चाक टांगलेलं असतं, तिथं चेसिसच्या दोन पट्ट्यांमध्ये रुंद जागा मिळते. तोडगा सोपा दिसतो. पण टाकीची जागा बदलली म्हणजे धोका गेला, असं नाही. धोक्यानं फक्त दिशा बदलली.

फोर्डच्या पिंटो या छोट्या मोटारीची टाकी मागच्या आसाच्या मागं होती. पाठीमागून धडक बसली, की ती चेपून फुटायची भीती होती. कोर्टकज्जे झाले, आणि १९७८ साली कंपनीला सुमारे १५ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. जनरल मोटर्सनं १९७३ च्या मॉडेलपासून आपल्या पिकअपची टाकी केबिनमधून बाहेर काढली हे खरं, पण ती चेसिसच्या पट्टीच्या बाहेरच्या अंगाला टांगली. घोड्याच्या दोन बाजूंना पडशी लोंबावी तशी. आता बाजूनं धडक बसली की टाकी आधी सापडू लागली. १९९२ च्या नोव्हेंबरात एका अमेरिकन दूरचित्रवाणी वाहिनीनं अशा धडकेत लागलेली आग दाखवली. नंतर उघड झालं, की आग नक्की लागावी म्हणून गाडीला पेटवणी बांधली होती. १९९३ च्या फेब्रुवारीत वाहिनीला जाहीर माफी मागावी लागली. पण वाहिनी खोटी ठरली म्हणून टाकी निर्दोष ठरली नाही. सरकारी चौकशी चालूच राहिली आणि १९९४ च्या डिसेंबरात कंपनीनं रस्तासुरक्षेच्या कामांसाठी ५ कोटी १० लाख डॉलर देण्याचं मान्य करून ती मिटवली. कंपनीनं नव्या घडणीच्या पिकअपमध्ये टाकी पट्ट्यांच्या आत घेतली होती, ती तोवर जुनी गोष्ट झाली होती.

या तीन जागांच्या इतिहासातून जो शहाणपणा निघाला, तो आजच्या मोटारींत दिसतो. टाकी मागच्या सीटखाली, मागच्या आसाच्या पुढं, दोन्ही बाजूंनी आणि मागून गाडीचं अंग मध्ये येईल अशी. गाडीचा हा भाग अपघातात सर्वांत शेवटी चेपतो. पूर्वीच्या पत्र्याच्या जागी बहुधा अनेक थरांचं प्लॅस्टिक आलं आहे. ते फुटण्याआधी वाकतं.

मग दुसरी बाजू, कायद्याची. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन जुन्या गाड्यांना प्रथमच वेगळं स्थान मिळालं. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेल्या दुचाकी आणि चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येतात. त्यांच्या नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, दहा वर्षांची मुदत, आणि फेरनोंदणीला ५ हजार. अशी गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, दुरुस्तीला आणि पेट्रोल भरायला रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापराला किंवा धंद्याला नाही. मात्र अट अशी, की गाडी मूळ रूपात असावी. चेसिसमध्ये, बाहेरच्या सांगाड्यात किंवा इंजिनात फेरफार केलेला नसावा.

याखेरीज १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आहेच. नोंदणीपुस्तकातले तपशील उत्पादकानं ठरवलेल्या तपशिलांपासून वेगळे पडतील असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या बंधनावर शिक्कामोर्तब केलं. ‘बदल’ या शब्दाचा अर्थही त्याच कलमात दिला आहे. गाडीचं मूळ वैशिष्ट्य पालटेल असा रचनेतला फेरफार.

म्हणजे बघा, मुलगी म्हणत होती टाकी हलवा, आणि कायदा म्हणत होता गाडी आहे तशी ठेवा. आणि दोघांचंही बरोबर होतं. जुनी वस्तू जपायची ती तिच्यातल्या चुकांसकट जपायची असते, नाहीतर ती जुनी राहत नाही. इतिहासाच्या पुस्तकातून गैरसोयीची पानं काढली तर जे उरतं, त्याला आपण इतिहास म्हणत नाही. पण पुस्तकाच्या पानावर कोणी नातवंडं बसवत नाही. गाडीत बसवतात.

मी अण्णांना एवढंच म्हटलं, की आपण बँकेत एक शब्द वापरायचो, ‘पूर्ववत’. कर्ज फिटलं, की तारण पूर्ववत मालकाच्या हाती जातं, त्यावर बँकेचा ओरखडाही राहत नाही. असं काही करता येईल का, की टाकी हलेल, पण उद्या कोणी चार बोल्ट सोडले तर गाडी १९५१ सालात परत जाईल?

मिस्त्रींनी दोन दिवस मागितले. त्या दोन दिवसांत ते गाडीखाली आडवे पडून सुतळीनं मापं घेत होते. अडचणी एकेक करून निघाल्या. या गाडीत मागच्या चाकांना शक्ती नेणारा दांडा एका जाड बंद नळीत असतो, आणि ती नळी बरोबर मधोमध येते. त्यामुळं आसाच्या पुढं रुंद टाकी बसत नाही. एका बाजूनं सायलेन्सरचा पाइप जातो, तिकडं टाकी नेणं म्हणजे चुलीवर पेट्रोल ठेवणं. उरली दुसरी बाजू. चेसिसच्या पट्टीच्या आत, बंद नळीच्या शेजारी, आसाच्या पुढं एक अरुंद लांबट जागा. तिथं पंचवीस लिटरची टाकी मावते. जिथं पूर्वी साठ-सत्तर लिटर मावत, तिथं पंचवीस. पण ही गाडी आता वाटाणा घेऊन दिवे घाट उतरणार नाही. रॅलीला जाऊन येण्यापुरतं पेट्रोल पुष्कळ झालं.

दुसरी अडचण पंपाची. जुनी टाकी उंचावर होती, आता टाकी खाली आणि नळी लांब. इंजिनावरचा जुना पडद्याचा पंप ओढू शकतो, पण लांब नळी तापली, तर पेट्रोलची वाफ नळीतच होते आणि पंप वाफ ओढत बसतो. उन्हाळ्यात घाटात बॉनेट उघडून पंपावर ओलं फडकं टाकणारे चालक ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हा आजार ठाऊक असेल. विजेचा पंप हा एक उपाय. पण या गाडीची वीज सहा व्होल्टची, आणि अपघातात इंजिन बंद पडलं तरी विजेचा पंप पेट्रोल फेकत राहतो, म्हणून त्याला धक्का बसताच बंद होणारा खटका लागतो. मिस्त्रींनी जुनाच पंप ठेवला, नव्या पडद्यानं दुरुस्त केला, आणि नळी सायलेन्सरपासून लांब, पट्टीच्या आतून, जागोजागी क्लिपा देऊन नेली.

तिसरी अडचण काट्याची. टाकीतला तरंगता गोळा वरखाली होतो, त्याच्या दांड्यामुळं विजेचा अडथळा कमीजास्त होतो आणि डॅशबोर्डवरचा काटा हलतो. टाकीची खोली बदलली, की दांड्याचं मापही बदलतं. ते जुळवलं नाही, तर काटा अर्धी टाकी दाखवतो आणि गाडी रस्त्यात थांबते. कर्जदारांचे शेअर बाजारातल्या तेजीसारखे फुगलेले स्टॉकचे तक्ते मी आयुष्यभर पाहिले आहेत. खोटं बोलणाऱ्या काट्यापेक्षा काटा नसलेला बरा, हे माझं मत मी ऐकवलं. मिस्त्रींनी ते मनावर न घेता दांडा वाकवून माप जुळवलं.

चेसिसला एकही नवं भोक पाडलं नाही. कंपनीनं ठेवलेल्या भोकांतून बोल्ट घेतले, बाकी ठिकाणी पट्टीला चिमटे. वेल्डिंग अजिबात नाही. पेट्रोल भरायचं तोंड हौद्यात उघडतं. हौद्याची जमीन लाकडी फळ्यांची आहे. त्यातली एक फळी काढून कपड्यात गुंडाळून ठेवली आणि तिच्या जागी झाकणाची नवी फळी बसवली. टाकीची वाफ बाहेर सोडणारी बारीक नळी वर उंच नेऊन उघड्यावर सोडली. जुनी टाकी जिथली तिथं आहे. धुतलेली, वाफवलेली, कोरडी, नळीचं तोंड बुचानं बंद केलेली. दाराच्या कडीमागचं मूळ झाकणही जागेवर आहे. ते उघडतं, पण आत पेट्रोल जात नाही. नोंदणीच्या वेळी हे सगळं लपवायचं नाही, फोटोंसह आणि काढलेल्या फळीसह अधिकाऱ्यापुढं मांडायचं, असं आम्ही ठरवलं आहे. शेवटचा शब्द त्यांचा. त्यांनी ‘पूर्ववत करा’ म्हटलं, तर मिस्त्रींच्या हिशेबानं एका दिवसाचं काम आहे. विमा कंपनीलाही लेखी कळवलं आहे, कारण आगीच्या दाव्यात न कळवलेली गोष्ट सर्वांत आधी पेटते.

या सगळ्यात एक गोष्ट अनपेक्षितपणे मुलीच्या बाजूनं उभी राहिली, ती म्हणजे आजचं पेट्रोल. या टाकीनं तीन युगं पाहिली आहेत. पहिलं शिशाच्या पेट्रोलचं, ते २००० सालच्या फेब्रुवारीत देशभर संपलं. मग बिनशिशाचं. आणि आता वीस टक्के इथेनॉलचं, जे २०२३ पासून पंपांवर येऊ लागलं आणि २०२५ मध्ये सर्रास झालं. आपल्याकडच्या उसाला ते चांगले दिवस दाखवील, पण जुन्या टाकीला ते मानवत नाही. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. प्रमाणाबाहेर पाणी झालं, की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी वेगळे बसतात, आणि गाडी महिनोन् महिने उभी असेल तर तळचा पत्रा गंजू लागतो. जुने रबरी होज आणि पडदे त्यात फुगतात. जुन्या गाड्यांत तरंगता गोळा बुचाच्या लाकडाचा असे आणि त्यावर लाखेचा थर दिलेला असे. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, हे पॉलिश करणारा कुठलाही सुतार सांगेल. सत्तर वर्षांच्या पत्र्याला कुठं बारीक छिद्र पडेल हे कोणी पाहू शकत नाही, आणि ते पडलं तर केबिनच्या आत पडेल. नव्या टाकीला, नव्या होजांना हे पेट्रोल चालतं. जुन्या टाकीला विश्रांती देणं, हे तिला जपणंच आहे.

हा मुद्दा मी अण्णांना सांगितला, तेव्हा त्यांना बरं वाटलं असावं. लेकीपुढं हार मानणं आणि टाकीला निवृत्त करणं, यांत फरक आहे. निवृत्तीचा अर्थ आम्हा दोघांनाही चांगला कळतो.

गेल्या महिन्यात गाडी पहिल्यांदा शेडबाहेर आली. रस्त्यावर नाही, नोंदणी व्हायची आहे, नुसती अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. नात मध्ये बसली होती, आई बाहेर उभी राहून बघत होती. इंजिन धडधडत होतं. अण्णा मात्र गाडी चालवताना एक-दोनदा मान वळवून मागं बघत होते. उतरल्यावर मी विचारलं, काय झालं? म्हणाले, ‘काही नाही साहेब. वास येत नाही.’

मग त्यांनी दाराच्या कडीमागचं जुनं झाकण फिरवून काढलं आणि त्याला नाक लावलं. धुतलेल्या, वाफवलेल्या टाकीत काय उरणार? पण ते थोडा वेळ तसेच उभे राहिले. नातीनं विचारलं, ‘आबा, काय आहे आत?’ त्यांनी झाकण घट्ट लावलं आणि तिला सांगायला सुरुवात केली, की पूर्वी दिवे घाटात पहाटे फार थंडी असायची.